निवडुंगाच्या जाती : ओळख व संग्रह

दिवेआगरच्या वाड्यांच्या कडेनें फिरतांना विद्यार्थी शेर, त्रिधारी आणि फड्या या तिघांसही सरसकट निवडुंग म्हणतात. ज्यास संग्रह करावयाचा आहे त्यानें प्रथम हा घोटाळा मोडावा. झाडास किंचित् टोचून पाहावें. पांढरा चीक आला तर तें एरंडाच्या कुळांतलें समजावें. (हा चीक डोळ्यांत मुळींच जाऊं देऊं नये.) फड्या निवडुंगास असा चीक नसतो. तो मूळचा अमेरिकेचा. ज्यास आपण त्याचें पान म्हणतों तो फडा वस्तुतः खोड आहे. खरीं पानें कोंवळ्या फड्यावर बारीक येतात व लवकरच गळून पडतात.

जाती ओळखण्यांत चूक झाली तर काय होतें, पाहा. १७९५ सालीं कॅप्टन नीलसन यांनीं ब्राझीलहून कोचिनिअल किडे कलकत्त्यास आणले. त्यांपासून किरमिजी रंग काढावयाचा होता. पण आला तो हलक्या रंगाचा रानटी किडा. धंदा बुडाला. किड्यानें मात्र ओपुंशिया मोनाकँथा ही जात उत्तर व मध्य हिंदुस्थानांत जवळजवळ फस्त केली, आणि ओपुंशिया डिलेनायला तो शिवेना! १९२६ सालीं सिलोनहून त्याचा दुसरा भाऊबंद आणला, तेव्हां कोठें डिलेनायचीं रानें ओसरलीं. माणसांच्या नजरेंतून सुटलेला भेद किड्यांनीं अचूक ओळखला.

याच दोन जातींनीं संग्रहास आरंभ करावा. डिलेनायचें फूल व कांटे पिवळे, फळ जांभळें. मोनाकँथा उंच, तिचे फडे पातळ व चकचकीत. तिसरी फिकस-इंडिका, हिचे बिनकांट्याचे वाण चाऱ्यासाठीं लावतात.

फडा सांध्यापाशीं कापून जखम सुकेपर्यंत आठपंधरा दिवस सावलींत ठेवावा व मग रेताड मातींत उभा लावावा. आमच्या कोंकणांत त्याचा खरा वैरी पाऊस. एका जूनमध्यें घाईनें लावलेले माझे सर्व फडे कुजले! तेव्हांपासून मी दिवाळीनंतर लावतों व पावसाळ्यांत कुंड्या पडवींत घेतों. मोठ्या कांट्यांहून बुडाशीं असलेलीं बारीक कुसें अधिक त्रासदायक, म्हणून फडा चिमट्यानेंच धरावा. प्रत्येक कुंडीवर जात, स्थळ व तारीख लिहावी. छाटलेले तुकडे कुंपणापलीकडे टाकूं नयेत. पडल्या जागीं ते मुळें धरतात. फड्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो काडीनें चिरडून पाहावा. लाल रंग निघाला, तर नीलसनसाहेबांच्या किड्याचाच कोणी वंशबंधु आपल्या दारीं आला आहे.