लटपटते वीर

हिरव्यागार मैदानावर दोन सेना समोरासमोर उभ्या आहेत. एकीकडे तांबडे वीर, दुसरीकडे निळे. इशारा होताच तांबड्यांतील एक आदिमानव त्वेषाने धावत सुटतो, हातातील सोटा गरकन फिरवतो आणि त्याच सोट्याच्या झोक्याने भेलकांडून तोंडावर आपटतो! शत्रूने तर त्याला अजून स्पर्शही केलेला नसतो. हा प्रसंग कोणत्याही बखरीतील नव्हे. तो संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका खेळातील आहे.

स्वीडनमधील स्टॉकहोम शहरी ‘लँडफॉल गेम्स’ ही खेळ तयार करणारी कंपनी आहे. तिने १ एप्रिल २०१९ रोजी हा खेळ अपुऱ्या स्वरूपात लोकांपुढे ठेवला आणि १ एप्रिल २०२१ रोजी तो पूर्ण करून प्रसिद्ध केला. ‘टोटली अ‍ॅक्युरेट बॅटल सिम्युलेटर’ हे त्याचे नाव. त्याचा अर्थ ‘लढाईची अगदी बिनचूक प्रतिकृती’ असा होतो. परंतु या नावातच थट्टा भरलेली आहे. येथे आदिमानव, व्हायकिंग आणि मध्ययुगीन सरदार एकाच रणांगणावर येतात; अजस्र मॅमथ साध्याभोळ्या शेतकऱ्यांवर चालून जातो. प्रकाशनासाठी एप्रिलची पहिली तारीख निवडली गेली, हेही या थट्टेला साजेसेच!

तथापि या थट्टेत एक गोष्ट खरी आहे, ती म्हणजे वीरांचे पडणे. व्यंगचित्रपटात पात्राची प्रत्येक हालचाल चित्रकाराने आधीच रेखाटलेली असते. येथे तसे नसते. वीराचे शरीर सांध्यांनी जोडलेल्या अनेक भागांचे बनलेले असते. त्या भागांचे वजन, त्यांचा वेग आणि त्यांना बसणारे धक्के यांचा हिशेब संगणक क्षणोक्षणी करीत असतो. वीराने उभे राहावे म्हणून सांध्यांना बल पुरवले जाते. पण ते बेताचेच असल्यामुळे नुकत्याच चालू लागलेल्या बाळासारखा तो लटपटतो. गुरुत्वमध्य पावलांच्या आधाराबाहेर गेला, की तोल जातो. जड शस्त्र फिरवताना नेमके हेच घडते. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडलेले गतीचे नियम येथे राजालाही सोडत नाहीत आणि शिपायालाही सोडत नाहीत. मोठ्या ऐटीत निघालेला वीर स्वतःच्याच भाराने कोसळतो, म्हणून आपल्याला हसू येते.

खेळणाऱ्याचे मुख्य काम लढाईपूर्वीचे असते. ठरावीक रकमेत कोणते सैनिक घ्यावे आणि ते कोठे उभे करावे, हे त्याने ठरवायचे. एखाद्या मुलाने तिरंदाज पुढे व ढालकरी मागे ठेवले, तर शत्रू तिरंदाजांवर सहज तुटून पडतो. चतुर मुलगा पराभवाने रुसून बसत नाही. तो ढालकऱ्यांना पुढे आणतो, बाकीची रचना तशीच ठेवतो आणि पुन्हा पाहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहणे, ही तर शास्त्रज्ञांची रीत होय.

खेळ संपला, की एक बटण दाबताच पडलेले सारे वीर पुन्हा रांगेत उभे राहतात. त्यांच्या पडण्यावर आपण मोकळेपणाने हसू शकतो, ते याचमुळे. खऱ्या रणांगणावर पडलेला शिपाई कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाचा तरी बाप असतो. त्याला पुन्हा उभे करणारे बटण कोणापाशीही नसते. खेळाची लढाई मनसोक्त खेळावी. मात्र हा भेद कधीही विसरू नये.

स्वाध्याय

१. खेळाच्या नावात थट्टा आहे, असे का म्हटले आहे?
२. सोटा फिरवणारा आदिमानव का पडला, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. ‘तुटून पडणे’, ‘रुसून बसणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. एका पायावर उभे राहून हात एका बाजूस पसरा. तोल सावरण्यासाठी शरीर काय करते, ते पाहून लिहा.