उसातले पाणी उडते, साखर मात्र मोडते



तोडलेली मोळी दोन दिवस बांधावर पडली की वजन घटते, हे बेंबळी भागातल्या कोणाही सभासदास सांगावे लागत नाही. काट्याची पावतीच ते सांगते. पण एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांस विचारले, "ऊस वाळला म्हणजे पाणीच उडालं ना? साखर तर कांडीतच राहिली. मग कारखान्याचं काय गेलं? गेलं ते आमच्या वजनातलं!" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात, भौतिक व रासायनिक बदलांच्या धड्यात सापडते. तो धडा आज उसावरच शिकू.

दोरीवरचे धोतर वाळते, गुळाची ढेप फोडली जाते, साखर चहात विरघळते. यात पदार्थ तोच राहतो, फक्त रूप बदलते. हा भौतिक बदल. दुधाचे दही होते, कोयत्यावर गंज चढतो, पाचट जळून राख होते. इथे जुना पदार्थ जाऊन नवाच तयार होतो. हा रासायनिक बदल.

'पूर्ववत करता आला तर भौतिक' अशी एक खूण मुले पाठ करतात. आमच्या मते ती अर्धीच खरी आहे. दळलेल्या पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही, तरी ते ज्वारीचेच पीठ. विचारायचे एवढेच, की नवा पदार्थ झाला का?

आता उसाकडे या. पाणी उडणे हा भौतिक बदल, इथवर आजोबांचे म्हणणे बरोबर. पण त्याच वेळी कांडीच्या आत दुसरे काम चालू झालेले असते. साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. उसात इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. ऊस तुटला की ते ही जोडी फोडू लागते. कापलेल्या तोंडांतून जंतू शिरतात, ते वेगळेच. साखर मोडताना पाणी खर्ची पडते. ३४२ किलो साखर १८ किलो पाणी घेते आणि १८० किलो ग्लुकोज व १८० किलो फ्रुक्टोज होते. हे पाणी कांडीतलेच असल्याने वजनात फरक नाही. काट्याला याचा पत्ताच लागत नाही!

जीभही फसते. फ्रुक्टोज साखरेहून गोड, त्यात पाणी उडून रस दाट झालेला, म्हणून शिळा ऊस कधीकधी जास्तच गोड लागतो. रसाचा थेंब टाकून पाहायच्या हातातल्या ब्रिक्सच्या यंत्रावरही आकडा चढलेला दिसतो, कारण ते यंत्र विरघळलेले सगळेच मोजते. प्रयोगशाळेत 'पोल' काढतात तिथे खरे कळते. साखरेचे द्रावण विशिष्ट प्रकाशाला उजवीकडे वळवते, मोडलेल्या साखरेचे डावीकडे. ग्लुकोज-फ्रुक्टोजचा कारखान्यात दाणा पडत नाही, ते मोलॅसिसमध्ये निघून जातात. गुऱ्हाळवाल्यांना हे जुने ठाऊक आहे. शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरतो.

खरे तर कारखान्यात साखर 'तयार' होतच नाही. ती पानांनी उन्हात केव्हाच केलेली असते. आपण मळ आणि पाणी काढून दाणा पाडतो. रसात चुना घालतात तो मळ बसावा म्हणून, आणि रस आंबट राहू नये म्हणूनही, कारण आंबट रस तापला की साखर आणखी मोडते. पुढे हवा काढून घेतलेल्या भांड्यांत रस कमी उष्णतेवर उकळतात, तेही साखर जपण्यासाठीच. एवढी निगा कारखान्यात ठेवायची आणि ऊस मात्र दोन दिवस उन्हात, याला काय म्हणावे?

आता पैशाचे. वजनातली घट ज्याची त्याच्या पावतीवर पडते. उतारा मात्र एकेकाच्या उसाचा निघत नाही, सगळ्यांचा मिळून निघतो. २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यावर उतारा ०.१ ने वाढला की टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त, आणि ९.५ टक्क्यांपर्यंत घसरला तर त्याच हिशेबाने कमी. म्हणजे एकाच्या बांधावर मोडलेली साखर दुसऱ्याच्या भावातून वजा होते. आजोबांना आम्ही हेच सांगितले. ते म्हणाले, "मग टोळीवाल्याला सांगा की!"

सांगायलाच हवे. वाहन येणार असेल तेवढीच तोड घ्यावी, आणि ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा. मार्च-एप्रिलच्या उन्हात मोडतोड फार वेगाने होते. वाहन अडकलेच तर मोळ्या सावलीत रचून पाचटाने झाकाव्यात, वर पाणी शिंपडावे. वाढे नीट छाटावेत, त्या कोवळ्या भागात साखर कमी आणि ग्लुकोज मुळातच जास्त. जळालेला ऊस तर त्याहून लवकर खराब होतो. फडाला आग लागली तर त्याच दिवशी शेतकी विभागाला कळवावे.