शुल्कमाफी म्हणजे खर्चमाफी नव्हे

प्रश्न : मी पुण्यात यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण विनामूल्य मिळते, हे खरे काय?

उत्तर : आपण ऐकले ते बहुतांशी खरे आहे, परंतु शुल्क नाही म्हणून खर्चही नाही, असा अर्थ त्यातून काढणे धोक्याचे होईल. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे परकीयांकडूनही शिक्षणशुल्क न आकारता दर सत्रास केवळ माफक वर्गणी घेतात. मात्र बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर सत्रागणिक १५०० युरोंचा आकार बसविला आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही पुढे तोच मार्ग पत्करला आहे. खरी कसोटी आहे ती निर्वाहाच्या तजविजीची. व्हिसासाठी वर्षभराची रक्कम, सप्टेंबर २०२४ पासूनच्या दराने ११,९०४ युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सहसा आगाऊ भरावी लागते, आणि तीतून दरमहा ९९२ युरोच हाती येतात. शिवाय भारतीय पदव्यांच्या पडताळणीचा एपीएस दाखला आवश्यक असल्याने, त्याचा अर्ज वेळेवर गुदरावा. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला, तरी बाजारहाट आणि पुढची नोकरी जर्मनवाचून अडते. म्हणून जर्मन शिकण्यासाठी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात आजच नाव घालणे, हीच माझी पहिली शिफारस.