घरातला डॉक्टर काय विचारतो?

घरात डॉक्टर असला की मोठ्या दुखण्यात सगळे त्याच्याच तोंडाकडे बघतात. गावंडे कुटुंबात तर तिघे डॉक्टर. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे आत्माराम गावंडे ओहायोत युरोसर्जन, पत्नी बालरोगतज्ज्ञ, मुलगा अतुल बॉस्टनमध्ये सर्जन. आत्मारामांच्या मानेतल्या मज्जारज्जूत गाठ निघाली, तेव्हा तिघेही गांगरले. अतुल यांनी ही हकीकत २०१४च्या ‘बीइंग मॉर्टल’मध्ये लिहिली आहे.

दोन न्यूरोसर्जननी तोच एमआरआय पाहिला. एक म्हणाला, लगेच ऑपरेशन करा. क्लीव्हलँड क्लिनिकच्या एडवर्ड बेंझेल यांनी आधी आत्मारामांचे सगळे प्रश्न ऐकून घेतले, त्यांना गाठीची भीती जास्त वाटते की ऑपरेशनची हे समजून घेतलं आणि थांबायला हरकत नाही असं सांगितलं. थांबल्यामुळे आत्मारामांना हिंडती-फिरती वर्षं मिळाली. त्या काळात ते रोटरीचे डिस्ट्रिक्ट गव्हर्नरही झाले.

पुढे हातपाय दगा देऊ लागले. मग मुलाने अवघड प्रश्न विचारले: कशाची धास्ती वाटते? काय गेलं तर जगणं नको होईल? माणसांत वावरता येणं वडिलांना सर्वांत मोलाचं वाटत होतं. त्या उत्तरावर ऑपरेशनचा निर्णय झाला.

त्यानंतरचं रेडिएशन मात्र बाधलं. चव गेली, अशक्तपणा वाढला आणि गाठही वाढलेलीच निघाली. तरीही कॅन्सरतज्ज्ञ केमोचे आठ-नऊ पर्याय भराभर सांगत होत्या, टेनिस पुन्हा खेळता येईल अशी आशाही दाखवत होत्या. सर्जन मुलाच्याही हाती त्या यादीतून काही लागलं नाही. कुटुंबाने अखेर केमो नाकारली आणि घरीच हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या काळात त्रास कमी करणारी, सेवा घेतली. २०११मध्ये आत्माराम गेले.

हॉस्पिससारखीच त्रास कमी करण्यावर भर देणारी, पण उपचार चालू असतानाही घेता येणारी सेवा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. ती घेणं म्हणजे हात टेकणं, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ही समजूत चुकीची आहे. बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांच्या जोडीने सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य ११.६ महिने होतं, इतरांचं ८.९. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये यासाठी वेगळा विभाग आहे.

तेव्हा घरातल्या डॉक्टर भाच्याला किंवा पुतणीला ‘तू सांगशील ते करू’ म्हणू नका. तज्ज्ञांना नेमकं विचारायला त्यांना सोबत न्या: या उपचाराने रोग बरा होणार, आयुष्य वाढणार की फक्त त्रास कमी होणार? ते दिवस कसे जातील? आणि केमोची तारीख घेण्याआधी, दार लोटून बाहेर कुजबुजत न बसता, खुद्द रुग्णाला काय हवंय ते विचारा.