दाणा, जाते आणि भाकर
(घरच्या ताज्या पिठाचा पाव : एक अभ्यास)



उपासनेच्या 'ब' वर्षात सामान्यकाळातील सतराव्या ते एकविसाव्या रविवारापर्यंत सलग पाच रविवार आपण संत योहानच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय ऐकतो. जवाच्या पाच भाकरींपासून सुरुवात होते आणि प्रभू येशू स्वतःच जीवनाची भाकर आहे, या सत्यापाशी आपण पोहोचतो. पाच रविवार भाकरीविषयी ऐकायचे आणि भाकर कशी होते हे मात्र ठाऊक नसायचे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची गत आहे. सकाळी पाववाल्याची सायकल येते, आपण लादी घेतो, चहात बुडवतो आणि कामाला लागतो.

आम्ही दोघे पतिपत्नीही त्यातलेच होतो. एका उपवासकाळात आम्ही ठरवले की दर शनिवारी आपल्या हाताने पाव करायचा, तोही गहू दळून आणून. त्यातून जे शिकलो ते या अभ्यासात मांडत आहोत. पाककृती आहेच, पण त्याहून थोडे अधिकही आहे.

१. दाण्यात काय असते?

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा वजनाने साधारण १४ टक्के, आतला पांढरा पिठूळ भाग सुमारे ८३ टक्के आणि टोकाशी असलेला इवलासा अंकुर अडीच ते तीन टक्के. पेरल्यावर कोंब फुटतो तो या अंकुरातून. तेल, 'ई' जीवनसत्त्व आणि 'ब' गटातील काही जीवनसत्त्वे त्यात असतात. कोंड्यात चोथा व खनिजे असतात. पांढरा भाग मुख्यतः पिष्ट आणि प्रथिने यांचा.

जात्यावर दळले की तिन्ही भाग एकत्रच पिठात येतात. १८७० ते १८९० या काळात हंगेरीतील बुडापेस्ट आणि अमेरिकेतील मिनियापोलिस येथे लोखंडी रुळांच्या गिरण्या वाढल्या. या गिरण्या कोंडा आणि अंकुर वेगळे काढून फक्त पांढरा भाग दळू लागल्या. तोच आपला मैदा. मैदा महिनोन्महिने टिकतो, कारण लवकर खवट होणारे अंकुराचे तेल त्यात नसते. पण टिकाऊपणासाठी दाण्याचा जिवंत भागच काढून टाकावा लागला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या वसईत भात पिकतो, त्यामुळे ही गोष्ट तांदळाच्या उदाहरणाने चटकन समजेल. डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान यांनी १८९० च्या दशकात जावा बेटावर पाहिले की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाचे मूळ शोधण्याची वाट त्यातून सापडली. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. घरात उखळावर भात सडणाऱ्या आपल्या आज्यांना 'जीवनसत्त्व' हा शब्द माहीत नव्हता, पण हातसडीच्या तांदळाची पेज त्या आजाऱ्याला आवर्जून देत.

२. ताजे पीठ का?

दाणा अखंड असतो तोपर्यंत त्यातील तेल सुरक्षित राहते. दळल्याबरोबर त्या तेलाला हवा लागते आणि ते हळूहळू खवट होऊ लागते. म्हणून अख्ख्या गव्हाच्या ताज्या पिठाला गोडसर वास असतो, तर जुन्या पिठाची चव कडवट लागते. आपल्या दमट हवेत, विशेषतः उन्हाळ्यात, आठ-दहा दिवसांपुरतेच दळण आणावे. जास्त असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे.

घरघंटी असेल तर उत्तमच. नसेल तर नाक्यावरची गिरणी आहे. गिरणीवाल्याला दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, आपले दळण दुसऱ्याच्या गव्हावर टाकावे, बेसन किंवा ज्वारीवर नव्हे. दुसरी, पीठ बारीक दळावे. गिरणीतून आलेले पीठ गरम असते. डब्याचे झाकण लगेच लावू नये, पीठ पसरून निवू द्यावे.

गहू कोणता घ्यावा? लोकवन किंवा सिहोर चांगला. आपल्या सांगली-साताऱ्याकडचा खपली गहू चवीला सुरेख, पण त्याच्या पिठाला ताण कमी असल्यामुळे नुसत्या खपलीचा पाव फुगत नाही. एक भाग खपली आणि तीन भाग लोकवन असे घ्यावे.

दुकानातील 'ब्राऊन ब्रेड' हा अख्ख्या गव्हाचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो मैद्याचा असून त्याला रंग दिलेला असतो. वेष्टनावर घटकांची यादी असते, त्यात पहिले नाव कशाचे आहे ते वाचावे.

३. कृती

साहित्य : गव्हाचे ताजे पीठ ५०० ग्रॅम, पाणी ४०० ते ४२५ मिलिलिटर, इन्स्टंट यीस्ट दीड लहान चमचा, मीठ दीड लहान चमचा, गूळ एक मोठा चमचा, तेल दोन मोठे चमचे.

(१) पाव वाटी पाणी बाजूला ठेवावे. बाकीचे पाणी पिठात घालून नुसते कालवावे आणि चाळीस मिनिटे झाकून ठेवावे. ही पायरी गाळू नये. कोंडा पाणी सावकाश पितो. कोरडा राहिला तर तो पिठाचे ताणलेले पापुद्रे कापतो आणि पाव बसतो.

(२) बाजूला ठेवलेल्या पाण्यात गूळ विरघळवून त्यात यीस्ट घालावे. पाणी कोमट असावे, कढत नसावे. कढत पाण्याने यीस्ट मरते. हे पाणी, मीठ आणि तेल पिठात घालून दहा-बारा मिनिटे मळावे. पीठ हाताला चिकटेल. घाबरून वर सुके पीठ घालू नये, हाताला तेल लावावे.

(३) झाकून ठेवावे. आपल्याकडच्या उष्म्यात पाऊण तास ते एक तास पुरतो, थंडीत दीड तास लागतो. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. दुपटीला थोडे कमी असतानाच पुढची पायरी घ्यावी, कारण ताजे पीठ लवकर येते आणि लवकर उतरते.

(४) हलक्या हाताने हवा काढून लांबट आकार द्यावा आणि तेल लावलेल्या भांड्यात ठेवावे. अर्ध्या-पाऊण तासात पीठ भांड्याच्या काठापर्यंत येते. ओल्या बोटाने दाबून पाहावे. खळगा सावकाश भरून आला की पीठ तयार. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला असे समजावे.

(५) आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियसवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजावे. पाव भांड्यातून काढून तळाशी टिचकी मारावी. पोकळ आवाज आला म्हणजे तो भाजला गेला.

(६) जाळीवर ठेवून निदान एक तास थांबावे. गरम असताना कापला तर आतून गिच्च लागतो. मुलांना हा तास सर्वांत कठीण जातो, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही.

सूचना : हा पाव औषध नव्हे. मधुमेह असलेल्यांनी मैद्याच्या पावाऐवजी तो जरूर खावा, पण मोजूनच, आणि डॉक्टरांचा सल्ला पाळून. ज्यांना गव्हातील ग्लुटेन सोसत नाही, म्हणजेच सीलिअ‍ॅक हा आजार आहे, त्यांनी ताज्या किंवा शिळ्या कोणत्याच गव्हाचा पाव खाऊ नये. खपलीतही ग्लुटेन असते.

४. आमची वीट

आमचा पहिला पाव विटेसारखा झाला होता. सुरी चालेना. पोळीच्या कणकेला घालतो तेवढेच पाणी आम्ही घातले होते. आई खुर्चीवर बसून पाहत होती. ती म्हणाली, "पाण्याला हात आखडलात. ज्याला फुगायचं आहे त्याला आधी पोटभर पिऊ द्यावं."

ती वीट आम्ही तुकडे करून रश्शात भिजवून खाल्ली. पुढच्या शनिवारी पाणी वाढवले आणि पाव फुगला. आईचे वाक्य मात्र पावापुरते राहिले नाही. आपण मुलांकडून, सुनांकडून, धर्मग्रामातील तरुणांकडून फुगण्याची अपेक्षा करतो. त्यांना पिऊ किती देतो?

५. पवित्र शास्त्रातील दळण

बायबलमध्ये जाते पुष्कळ ठिकाणी येते. अनुवाद २४:६ मध्ये नियम आहे की कर्जापोटी कोणाचे जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते त्या माणसाचे जीवनच गहाण घेण्यासारखे आहे. यिर्मया २५:१० मध्ये जात्याची घरघर थांबणे हे गाव उजाड झाल्याचे लक्षण सांगितले आहे.

प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्याला खमिराची उपमा दिली (मत्तय १३:३३). त्या दाखल्यातील स्त्री तीन मापे पीठ घेते. ती मापे साधारण चाळीस लिटर भरतात, म्हणजे शंभरेक माणसांना पुरेल एवढी भाकर. कोणतीही गृहिणी चौघांच्या घरासाठी एवढे पीठ भिजवत नाही. ती सर्व गावाला जेवू घालायला निघाली आहे! साराने मम्रे येथे तीन पाहुण्यांसाठी मळलेले पीठही तेवढेच होते (उत्पत्ती १८:६).

संत ऑगस्टीन नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना समजावून सांगत की तुम्ही भाकरीसारखेच घडला आहात. उपवासाने तुम्ही दळले गेलात, बाप्तिस्म्याच्या पाण्याने मळले गेलात आणि पवित्र आत्म्याच्या अग्नीने भाजले गेलात. आम्ही हे पूर्वी प्रवचनात ऐकले होते. स्वतः पीठ मळल्यावर त्यातला 'पाणी' हा शब्द आम्हाला नव्याने कळला. सुटे पीठ फुंकरीने उडते. पाणी मिळाले की ते एक होते, आणि मग पुन्हा वेगळे करता येत नाही.

येथे एक खुलासा करायला हवा. घरचा हा पाव वेदीवर वापरायचा नसतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार (कलम ९२४ व ९२६) मिस्साबलिदानाची भाकर निव्वळ गव्हाची व ताजी असावी लागते आणि आपल्या लॅटिन विधीत ती बेखमीर असते. त्यात गूळ, तेल, यीस्ट नसते. पण ती भाकरही कोणीतरी पेरलेल्या, कापलेल्या, दळलेल्या दाण्यांचीच असते. दानार्पणाच्या वेळी आपण तिला मानवी श्रमाचे फळ म्हणतो, तेव्हा शेतकरी, गिरणीवाला आणि रात्रभर भट्टीपुढे उभा राहणारा बेकरीवाला यांची आठवण व्हायला हवी.

६. अर्धा पाव

आमच्या आळीत एक काका पत्नीच्या निधनानंतर एकटेच राहत. वर्षश्राद्धाची मिस्सा झाली तसे येणारे-जाणारे कमी झाले. सकाळ-संध्याकाळ चहा आणि लादीपाव एवढाच त्यांचा आहार. एका शनिवारी आम्ही अर्धा पाव घेऊन गेलो. त्यांनी तो नाकाशी धरला आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "बाय, हे मला शिकवशील?"

आम्हाला वाटले, ते सहज म्हणाले असतील. पण पुढच्या शनिवारी काका पिशवीत दोन किलो गहू घेऊन दारात उभे. पहिल्यांदा मळताना त्यांचे हात थरथरत होते. "ती गेल्यापासून या हातांना काही कामच नव्हतं," ते म्हणाले. आता ते आपल्या घरी पाव करतात आणि अर्धा शेजारच्या घरी देतात. आम्ही अन्न घेऊन गेलो होतो. त्यांना अन्नापेक्षा कोणासाठी तरी काही करण्याची भूक होती. आजाऱ्याच्या, दुःखिताच्या घरी जाताना आपण हे विसरतो. आपण फक्त देतो, त्यांच्याकडून काही घेत नाही.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण 'माझी' नव्हे, तर 'आमची' रोजची भाकर मागतो. एक पाव भाजला तर तो कापताना ही प्रार्थना आठवावी आणि अर्धा कोणाचा, हे सुरी लावण्यापूर्वीच ठरवावे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरी आठवड्यातून किती वेळा सर्व जण एकत्र बसून जेवतात?
२. आपल्या आळीत एकटे जेवणारे कोण आहे?
३. कोणाकडून अपेक्षा ठेवताना आपण 'पाण्याला हात आखडतो' का?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, दाण्यात तू जीवन ठेवलेस आणि भाकरीत तुझ्या पुत्राने स्वतःला ठेवले. आमच्या हातांना मळण्याचे बळ दे, थांबण्याचा धीर दे आणि मोडून वाटण्याचे मन दे. आमेन.