थंड मातीतील हिरवे जीव

(पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळची जमीन वर्षातले कित्येक महिने गोठलेली असते. अशा मातीतही सूक्ष्म शैवाल जगते. ते थंडीशी आणि प्रकाशाशी कसे जुळवून घेते, हे या पाठात सांगितले आहे.)

पावसाळ्यात हौदाच्या पायऱ्यांवर हिरवा, निसरडा थर जमतो. त्याला आपण शेवाळ म्हणतो. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला शैवाल असे नाव आहे. शैवालाचे काही प्रकार सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. त्यांना सूक्ष्म शैवाल म्हणतात. ओलावा, ऊब आणि प्रकाश मिळाला की शैवाल वाढते. मग जेथे ऊबच नाही, तेथे ते कसे जगत असेल?

नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. तेथील नी-ऑलेसुंद या गावी भारताने २००८ साली 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू केले. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र त्याचे काम पाहते. या गावात एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाही. जुलै महिन्यातही हवेचे सरासरी तापमान ६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तरीही तेथील मातीत शैवाल आहे.

प्रथम थंडीचा विचार करू. हिवाळ्यात तूप थिजते, पण करडईचे तेल पातळच राहते. शैवालाच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ पटल असते. ते तुपासारखे थिजले, तर पेशीची देवाणघेवाण थांबेल. म्हणून थंडी वाढली की शैवाल पटलात तेलासारखे, न थिजणारे स्निग्ध पदार्थ अधिक बनवते. शिवाय ते पेशीत साखरेसारखे पदार्थ साठवते. साखरेचे पाणी साध्या पाण्यापेक्षा अधिक थंडीत गोठते. त्यामुळे पेशीचे रक्षण होते.

पण केवळ थंडीपेक्षा थंडी आणि तीव्र प्रकाश एकत्र येणे अधिक घातक असते. असे का? गिरणीत वरून धान्य पडत राहिले आणि जाते मात्र हळू फिरू लागले, तर धान्य बाहेर सांडते. शैवालाचेही तसेच होते. हरितद्रव्य थंडीतही प्रकाश पकडत राहते. पण त्यापासून अन्न बनवण्याची क्रिया थंडीमुळे मंदावते. उरलेली ऊर्जा पेशीला इजा करते. अशा वेळी शैवाल हरितद्रव्य कमी करते आणि पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये वाढवते. ती रंगद्रव्ये जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकण्यास मदत करतात. प्रकाश कमी झाला की शैवाल पुन्हा हरितद्रव्य वाढवते. काही शैवाल मातीच्या पृष्ठभागाखाली, मंद उजेडात राहते. लांब रात्रीत मात्र ते साठवलेल्या अन्नावर, जवळजवळ निद्रिस्त अवस्थेत दिवस काढते.

शास्त्रज्ञ हे शैवाल प्रयोगशाळेत वाढवून पाहतात. एकाच फळीवर एका दिशेने तापमान बदलत जाते आणि दुसऱ्या दिशेने प्रकाश. कोठे वाढ चांगली होते, ते लगेच दिसते. अशा प्रयोगांत एक नवल आढळते. थंड मातीतील अनेक प्रकारांची वाढ थंडीत नव्हे, तर उबेतच अधिक चांगली होते. म्हणजे त्यांना थंडी आवडते असे नाही. ती ते सहन करतात. उन्हाळ्यात उन्हाने माती हवेपेक्षा अधिक तापते. तेवढ्या थोड्या दिवसांत ते भराभर वाढून घेतात.

या लहान जिवांचे काम मोठे आहे. स्वालबार्डमधील हिमनद्या वितळून मागे हटत आहेत. त्यांच्याखालून उघडी पडलेली जमीन म्हणजे नुसते दगड आणि रेती. तेथे सुरुवातीला येणाऱ्या जिवांत सूक्ष्म शैवाल असते. ते चिकट पदार्थाने रेतीचे कण बांधून ठेवते. नील-हरित प्रकार हवेतील नत्र जमिनीला देतात. मग तेथे मॉस आणि लहान रोपे वाढू लागतात. पण हा थर नाजूक असतो. बुटाखाली तो मोडला, तर पुन्हा तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून तेथे जाणाऱ्याने पाऊल जपून टाकले पाहिजे.

शब्दार्थ
निसरडा – पाय घसरेल असा
थिजणे – थंडीने घट्ट होणे
पटल – पातळ पडदा
घातक – नाश करणारे
निद्रिस्त – झोपलेला
हिमनदी – हळूहळू सरकणारी बर्फाची नदी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'हिमाद्री' केंद्र कोठे आहे?
(आ) तीव्र प्रकाशात शैवाल कोणती रंगद्रव्ये वाढवते?
२. गिरणीचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : थंडी, मंद, उगवणे, नाजूक.
४. उपक्रम : हिवाळ्यात एका वाटीत तूप व दुसऱ्या वाटीत करडईचे तेल ठेवा. सकाळी दोन्ही पाहा. काय दिसले, ते पाच वाक्यांत लिहा.