अंग दुखते, पण रिपोर्ट नॉर्मल : फायब्रोमायल्जियाविषयी

रक्त तपासले, एक्स-रे काढला, कुणाच्या सांगण्यावरून उसने पैसे घेऊन एमआरआयसुद्धा केला. सगळे नॉर्मल. तरी मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या दुखायच्या थांबत नाहीत. रात्रभर झोपूनही सकाळी अंग कुटून काढल्यासारखे असते. मग घरात कुजबुज सुरू होते, 'हिला काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे.' वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आम्हाला असे सांगणाऱ्या ताई नेहमी भेटतात. त्या सगळ्यांनाच हा आजार असतो असे नाही, पण काहींना असतो. त्याचे नाव फायब्रोमायल्जिया. पुरुषांनाही होतो, बायकांमध्ये जास्त आढळतो.

यात हाड झिजलेले नसते की सांधा सुजलेला नसतो. बिघाड असतो तो दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत. जयंतीच्या मांडवात माइकचा आवाज जास्त उघडला, की हळू बोललेलेही कर्कश ऐकू येते. तसेच इथे होते. साधा दाबही दुखतो, लहान मुलाने मिठी मारली तरी कळ येते. म्हणून एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. दिसत नाही म्हणजे दुखत नाही, असे मात्र नव्हे. हे आधी घरच्यांनी समजून घ्यायचे आहे.

दुखणे तीन महिने किंवा जास्त, अंगाच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली, सोबत थकवा, झोपेतून ताजेतवाने न वाटणे, विसराळूपणा, असे चित्र असेल तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. पूर्वी, म्हणजे 1990च्या नियमांप्रमाणे, अंगावरच्या 18 जागा दाबून 11 दुखतात का ते पाहत. 2010पासून नव्या निकषांत तशी दाबून मोजणी लागत नाही. रक्ताच्या तपासणीत हा आजार सापडत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, ड जीवनसत्त्व हे तपासतात ते दुसरे कारण राहून जाऊ नये म्हणून. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका इतक्या आहेत, की ही तपासणी टाळू नका.

आता आमचा खरा राग ज्यावर आहे त्याबद्दल. वस्तीच्या नाक्यावर कागदात बांधलेल्या गोळ्यांची पुडी मिळते, नाही तर 'एक सुई मारा' म्हटले की सुई मिळते. दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या सूज उतरवतात. इथे सूजच नसते, त्यामुळे त्यांचा उपयोग फार थोडा. त्या रोज घेत राहिले तर जठरात जखमा होतात, किडनीला धोका पोचतो, रक्तदाब वाढतो. नाव नसलेल्या पुडीत स्टेरॉईडही असू शकते. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि या आजारात स्टेरॉईडचे कामच नाही. सलाइनने तर खिशाशिवाय काहीच रिकामे होत नाही. ज्या गोळीचे नाव वाचता येत नाही, ती पोटात घालू नका. मात्र महिनोन्महिने पुडी घेत असाल तर एकदम न सोडता ती डॉक्टरांना नेऊन दाखवा, कारण सवयीचे स्टेरॉईड अचानक बंद करणेही धोक्याचे असते.

मग औषध कोणते? बहुतेकदा सुरुवात अमिट्रिप्टिलीनच्या लहान डोसने होते, रात्री 10 मिलिग्रॅम. हे जुने, स्वस्त औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. दुसरी औषधे ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन. मेडिकलवाला गोळी बघून म्हणतो, 'ही तर डोक्याची गोळी आहे,' आणि आमची ताई घाबरून ती फेकून देते. यातली काही औषधे उदासीनतेवरही देतात हे खरे. पण इथे ती दुखण्याचा तो वाढलेला आवाज कमी करायला दिलेली असतात. तुम्हाला वेड लागले असे कुणी म्हटलेले नाही. (आणि मनाचा आजार असता तरी लाजण्यासारखे काय होते?)

गुण यायला काही आठवडे लागतात आणि दुखणे पूर्ण जात नाही, कमी होते. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, गुंगी येते. प्रीगॅबालिनने चक्कर येते, पाय सुजतात, वजन वाढते. हृदयविकार किंवा काचबिंदू असेल, गरोदर असाल, तर आधीच सांगा. ही औषधे मनाने एकदम बंद करू नका. त्यांच्यासोबत दारू चालत नाही. ट्रामाडोल दुकानातून आणून वरून घेऊ नका. आणि एका खोलीच्या घरात गोळ्या उंचावर, कुलपात ठेवा, कारण अमिट्रिप्टिलीन लहान मुलाने गिळले तर जिवावर बेतते.

गोळीइतकेच, आमच्या मते गोळीपेक्षाही जास्त, काम करते ते चालणे. ऐकून ताई हसतात, 'दिवसभर राबतो, अजून काय चालायचं?' पण वाकून भांडी घासणे आणि हात मोकळे सोडून चालणे यात फरक आहे. पहिल्या आठवड्यात रोज पाचच मिनिटे, विहाराच्या आवारात किंवा गल्लीत. पुढे दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवा. सुरुवातीला थोडे जास्त दुखेल, त्याने इजा होत नाही.

दुसरी सवय मोडायची आहे. जरा बरे वाटले की गोधड्या धुणे, डबे घासणे, सगळे एकाच दिवशी उरकायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. बऱ्या दिवशीही काम अर्धेच करा, मध्ये बसा. पोळ्या बसून लाटा. हंड्याऐवजी छोट्या कळशा भरा. नळ पहाटे चारला येत असेल तर एक दिवस तुम्ही, एक दिवस नवरा किंवा मोठा मुलगा उठेल असे ठरवा. मोडलेली झोप हे दुखणे वाढवते, म्हणून पाण्याची ही पाळी उपचाराचाच भाग आहे. संध्याकाळनंतर चहा नको, झोपताना मशेरी नको, टीव्ही वेळेवर बंद. दुखऱ्या जागी गरम पाण्याची पिशवी चालते.

पण काही खुणा वेगळ्या आजाराच्या असतात. ताप आणि वजन घटणे, पाठीच्या एकाच जागी सतत दुखणे (टीबी मणक्यालाही होतो), बोटांचे सांधे सुजणे, पायातली ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे. यांपैकी काही असेल तर लगेच सरकारी रुग्णालयात जा, आणि ताकद किंवा लघवीचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी.

एरवी ओपीडीला जाताना जुने केस पेपर, चालू गोळ्यांची पाकिटे आणि मुलाच्या वहीचे एक पान न्या. पानावर दोन आठवड्यांची रोजची नोंद असू द्या : झोप किती, दुखणे दहापैकी किती, चालणे किती मिनिटे. गर्दीत डॉक्टरांना दोनच मिनिटे मिळतात, तेवढ्यात ते पान वाचून होते. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा, ती लिहील.